दोन रेचलांची एक नोंद

हालवर,
११ एप्रिल

प्रिय टेसा,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून कोणीतरी गेलं असणार, असं वाटून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. जोशुआची रेचलसुद्धा, काल मी स्वतः तिला बटाटे सोलताना पाहून आलो. ई-मेल करावा तर तो कंपनीच्या यंत्रातून जातो, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दोनदा केला, दोन्ही वेळा "डेलमार, वकिलांनी कोणाशी बोलू नको म्हणून सांगितलंय" एवढं म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे टपालाने. शुक्रवारी तुला फार्मसी मंडळाच्या त्या कागदावर सही करायची आहे, चूक मान्य आणि लायसन दोन वर्षं जमा, हे मला ठाऊक आहे. पत्र त्याआधी पोचेल. पोस्टातल्या बाईकडून तसं दोनदा वदवून घेतलंय.

इथे बर्फ वितळतंय, म्हणजे गुडघाभर चिखल. तीस तारखेला गावाने माझ्या निवृत्तीचं जेवण ठरवलंय, चर्चच्या तळघरात. हॅम कोणी आणायचं यावरून बायकांत आत्ताच दोन तट पडलेत. मार्लिस म्हणते, "तुझ्या निरोपापेक्षा त्या हॅमचीच चर्चा जास्त आहे, तेव्हा फार भाव खाऊ नकोस." एकेचाळीस वर्षं माझ्याशी संसार करून तिची जीभ अजून अशी धारदार आहे. माझ्या नावाची पितळी पाटीही करतायत म्हणे. तुला बोलावणं आलं असेल. येणार नाहीस असं तू कळवल्याचं मार्लिसने सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं. मला नाही.

थकलोय गं. सकाळी दुकानाचं कुलूप उघडताना किल्ली दोन्ही हातांनी फिरवावी लागते. हात दुखतात म्हणून नव्हे, उघडावंसंच वाटत नाही. तू शिकाऊ म्हणून आलीस त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी असा नव्हतो, तू पाहिलं आहेस. दुधाची गाडी चालवून शिकलेला माणूस मी. पहाटे कॅन उचलायचे आणि दहाला वर्गात डुलक्या काढायच्या. डोकं बेताचंच, पण कान देवाने दिले. मागच्या खोलीत गोळ्या मोजताना दाराची घंटा वाजली की पावलांवरून माणूस ओळखायचो, आणि खोकल्यावरून त्याने सिगारेट पुन्हा सुरू केली की काय तेही. पहिल्याच आठवड्यात तू मला म्हणाली होतीस, "तुम्ही गिऱ्हाइकाचं ऐकता की त्याच्यावर पाळत ठेवता?" मी म्हटलं, औषधाच्या दुकानात हे दोन्ही एकच काम आहे.

मग दुकान कंपनीला विकलं. दुसरा घेणारा नव्हता, आणि बंद केलं असतं तर गावाला साध्या तापाच्या गोळीसाठी साठ मैल जावं लागलं असतं. तेव्हापासून डॉक्टरची चिठ्ठी इथे येते, ती तपासतेस तू, दोनशे मैलांवर आपल्या घराच्या तळघरात दोन पडद्यांसमोर बसून, तासाला नव्वद. गोळ्या भरतं तिसऱ्याच शहरातलं यंत्र. पिशवी चिकटवून, बंद होऊन, गाडीने माझ्या काउंटरवर येते. मी नाव विचारायचं आणि द्यायची. कंपनीचा माणूस समजवायला आला होता तेव्हा मी विचारलं, "पिशवी उघडून एकदा नजर टाकली तर चालेल का?" तो हसून म्हणाला, "टाका की! पण उघडलीत की जबाबदारी तुमची, मिस्टर क्वाले." न उघडण्याचा मोह मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा झाला.

नियम वाईट आहेत असं मात्र मी कधी म्हणणार नाही. एकशे चौदा पानांची ती पुस्तिका मी पेन्सिल घेऊन तीनदा वाचली आहे. बाहेरून औषध भरून घ्यायचं तर दोन दुकानांत लेखी करार हवा. रुग्णाची माहिती दोन्हीकडे सारखीच दिसली पाहिजे. कोणत्या पायरीला कोणाचा हात लागला, त्याचं नाव राहिलं पाहिजे. लांब बसलेल्या फार्मसिस्टला शंका आली तर त्याने मूळ दुकानाला विचारलं पाहिजे, आणि विचारल्याची नोंद ठेवली पाहिजे. लिहिणारे मूर्ख नव्हते. फक्त त्यांच्यातला कोणी कधी हटेराइट पंथाच्या कॉलनीत, जिथे सगळं सामायिक असतं, जेवायला बसलेला नसावा.

तू बसली आहेस. तुला आठवतं, पहिल्यांदा लसी टोचायला गेलो तेव्हा तू यादी वाचून मला हळूच म्हणालीस, "डेलमार, इथे सात सारा वाल्डनर आहेत." शंभर-सव्वाशे माणसं, आडनावं दोन, बायकांची नावं मोजून दहा. सगळ्यांचा पत्ता एक, फोन एक, पिठाच्या गिरणीशेजारचा. बाई ओळखायची ती नवऱ्याच्या नावावरून: पॉलची रेचल, जोशुआची रेचल. औषधं प्रत्येकाने आपापली आणायची पद्धत नाही. मंगळवारी सुझाना बाझल गाडीतून येणार (बाझल म्हणजे त्यांच्यात मावशी), वहीतली यादी वाचणार, सगळ्यांचं एकत्र नेणार. त्या वहीचा ताप तू भोगला आहेस. बाई तारखा जुन्या जर्मन रीतीने लिहिते, आधी दिवस, मग महिना. आपण आधी महिना लिहितो. त्यामुळे कॉलनीतल्या निम्म्या माणसांच्या आमच्याकडे दोन-दोन नोंदी झाल्या होत्या, एक डॉक्टरच्या चिठ्ठीवरून केलेली आणि एक तिच्या वहीवरून. मी तिला एकदा म्हटलं, "बाझल, निदान आमच्या दुकानापुरती तरी आमच्यासारखी तारीख लिहा." ती म्हणाली, "चारशे वर्षं आम्ही अशीच लिहितो. तुमचं दुकान कधीचं?"

मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण माझ्या नोंदीत खाली शेऱ्याची जागा होती आणि तिथे मी नवऱ्याचं नाव टाकायचो. पिशवीवरही जाड पेन्सिलीने लिहायचो, पॉल, जोशुआ. कंपनीचं संगणकाचं यंत्र आलं, त्याच्यात सगळ्या नोंदी गेल्या, शेरे गेले नाहीत. आणि जुळ्या नोंदी एकत्र करायचं काम तुझ्याकडे आलं. पॉलची रेचल जन्मली आठ मार्चला, जोशुआची रेचल तीन ऑगस्टला, साल एकच. आपल्या रीतीने लिहिलं तर ३/८ आणि ८/३. नाव तेच, पत्ता तोच, फोन तोच. पडद्यावर बघणाऱ्याला ही सुझाना बाझलच्या वहीचीच करामत वाटणार. दोघींची नोंद एक झाली.

पुढचं फायलीत आहेच, पण फायलीत माणसं नाहीत म्हणून सांगतो. पॉलच्या रेचलच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या जोशुआच्या रेचलच्या पिशवीत गेल्या. एकच पिशवी आली. सुझाना बाझलने वरची बाटली बघितली, रक्तदाबाची, ती जोशुआच्या रेचलची हे तिला माहीत, म्हणून सगळी पिशवी तिला. "मला वाटलं, पॉलच्या रेचलची पुढच्या मंगळवारी येईल," ती म्हणाली. जोशुआच्या रेचलने डॉक्टरांनी नवीन दिली असेल असं समजून मुकाट्याने घेतली. वर गुडघ्यांसाठी सुझानाच्या कपाटातल्या दुखण्यावरच्या गोळ्या चालूच होत्या, त्या कुठल्याच नोंदीत नसतात, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्त वाहतं असं यंत्राने ओरडावं, असं काही नव्हतं. सतराव्या दिवशी तिला स्वयंपाकघरात रक्ताची उलटी झाली. आणि पॉलची रेचल? तिला गोळ्या आल्याच नाहीत. तिने विचारलंही नाही. आली नाही म्हणजे बंद केली असेल, आपण कशाला मागा? तिचं हृदय त्या दिवसांत नीट चाललं ते केवळ नशीब.

काल मी कॉलनीत गेलो होतो. मंगळवार नव्हता, त्यामुळे मला बघून सगळ्या दचकल्या. जोशुआची रेचल दवाखान्यातून येऊन तीन आठवडे झालेत. निम्मी झाली आहे, डोक्यावरचा ठिपक्यांचा रुमाल कपाळावर घसरतो. तरी बटाटे सोलायला बसली होती, कारण बाकीच्या सोलत होत्या. मी समोर बसलो आणि जे सांगायचं ते सांगितलं. तिने हातातला बटाटा सोलून पातेल्यात टाकला. मग ती म्हणाली, "म्हणजे त्या पोरीने एकटीने नाही केलं?" मी म्हटलं, नाही. "मग तिला एकटीला का धरलंय?" पॉलची रेचल पलीकडून म्हणाली, "डेलमार, तू आम्हा दोघींना चाळीस वर्षं बघतोयस. माझ्या पाचही बाळंतपणांत तुझ्या दुकानातून औषध आलं. तुला आम्ही एक कशा वाटलो?" रागाने नाही म्हणाली. मला कळत नाहीये म्हणून विचारतेय, अशा आवाजात. रागावली असती तर बरं झालं असतं. निघताना सुझाना बाझलने गाडीत शेवयांची पिशवी ठेवली. मी म्हटलं, "आज नको." ती म्हणाली, "गप्प घे. मार्लिससाठी आहे, तुझ्यासाठी नाही."

आता ज्याच्यासाठी बसलोय ते. मूळ दुकानाचा प्रमुख म्हणून मंडळाने मलाही फायलीची प्रत पाठवली. त्यात माझ्या नावापुढे शेरा आहे: पिशवी देण्याची कार्यपद्धती नियमानुसार. तुझं निवेदन दोन पानांचं, आणि त्यात एक वाक्य: "या दोन नोंदी मी स्वतःच्या निर्णयाने एकत्र केल्या." ते वाक्य मी किती वेळा वाचलं सांगत नाही. टेसा, चौदा जानेवारीला दुपारी तू दुकानाच्या जुन्या फोनवर मला फोन केला होतास. यंत्रातून विचारलं तर उत्तर यायला दिवस जातो, म्हणून नेहमीसारखा थेट. त्या दिवसातला तुझा तो सहावा फोन. तू म्हणालीस, "दोन रेचल वाल्डनर आहेत, तीन-आठ आणि आठ-तीन. मला वाटतं बाझलची वहीच असणार, पण तुम्ही सांगा." आणि मी म्हणालो, "दुसरं कोण असणार? जोडून टाक." मी नीट ऐकलं होतं. तारखा ऐकल्या, नाव ऐकलं. त्या दोघींचे चेहरे क्षणभर आठवले असते तर पुरे होतं, पण मला फक्त फोन ठेवायचा होता. काउंटरवर चारजण उभे होते, पाय दुखत होते, आणि मनात हिशेब चालला होता की निवृत्तीला किती दिवस राहिले. एकच पिशवी सुझानाच्या हातात देतानाही मी तोच हिशेब करत होतो.

तू ते का लिहिलं नाहीस, हे मला कळतं. पितळी पाटी, तळघरातलं जेवण, म्हाताऱ्याची पन्नास वर्षं. तुला वाटलं असेल, तू तरुण आहेस, दोन वर्षं काढशील. काढशील कशावर? तुझ्या घरात पगार एकच येतो, आणि दोन वर्षं लायसन जमा असलेल्या फार्मसिस्टला नंतर कोण काम देतं, हे मी जितकं बघितलंय तितकं तू नाही. आज सकाळी मी मंडळाच्या कचेरीत गाडी घेऊन गेलो आणि माझं निवेदन हातात देऊन पोच घेतली. प्रत सोबत आहे. फोन कंपनीकडून त्या दिवसाची यादीही जोडली आहे, तुझ्या घरून दुकानात, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, चार मिनिटांचा फोन. टेबलामागची बाई म्हणाली, "मिस्टर क्वाले, तुम्हाला यात कोणी ओढलेलं नाही, माहीत आहे ना?" मी म्हटलं, तेच चुकलंय. माझं लायसनही तिथेच ठेवून आलो. जेवण रद्द करायचं काम मार्लिसने अंगावर घेतलंय. तुझ्या हातून काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही. फोनची नोंद तू ठेवायला हवी होतीस, त्याचं काय ते मंडळ ठरवेल, आणि ती शिक्षा दोन वर्षांची नसेल. पण शंका आली तेव्हा तू विचारलंस. तुझं काम तेवढंच होतं आणि ते तू केलंस. शुक्रवारी सही करू नकोस. वकिलाला ही प्रत दाखव आणि ते एक वाक्य खोडून तिथे खरं काय झालं ते लिही, माझ्या नावासकट.

फार्मसिस्ट नसलो तरी तुझाच,
डेलमार