बाबांची अध्यक्षांची यादी

४ नोव्हेंबर, मलिंगार, आयर्लंड
बाबांना साताऱ्याहून येऊन तीन आठवडे झाले. माझ्या लेकीला, ईराला, सहावीत प्रोजेक्ट मिळालाय: अमेरिकेचे अध्यक्ष, सर्वांत चांगल्यापासून सर्वांत वाईटापर्यंत. बाबा एकदम खूश. आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि ही यादी म्हणजे त्यांची जुनी हौस. पहिला नंबर नेहमीचाच, गुलामगिरी संपवणारा. ईरा लिहून घेत होती. मी भांडी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, लावत ऐकत होते.

६ नोव्हें.
यादीत व्हीलचेअरवाला अध्यक्ष दोनदा आला. तिसरा, मग पुन्हा सातवा. ईराने निमूट लिहिलं. मीही दुरुस्त केलं नाही.
गणपतीत फोनवर त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली होती. वृद्धांच्या वॉर्डात काम करते मी, मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंच होतं. पण नवरा, समीर, आठवडाभर स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरीला, माझ्या ड्यूट्या, शाळेनंतर ईराजवळ कोणी नाही. तिकीट काढलं. समीरला अजून काही सांगितलेलं नाही.

१० नोव्हें.
रोज चहाला यादी विचारते. गंमत म्हणून, असं त्यांना सांगितलंय. चुका मनात मोजते.
"लहानपणी इतिहास म्हटलं की पळून जायचीस," म्हणाले. "आता गोडी लागली तुला."
फार आनंदात होते.

१२ नोव्हें.
प्रोजेक्ट वर्गात वाचला. एकच माणूस दोनदा, मुलं हसली. ईराने टीचरना सांगितलं, "चूक माझीच."
गाडीत म्हणाली, "आजोबा'ज गेटिंग मिक्स्ड अप. यू न्यू, आई, डिडन्ट यू?"
"घरी बोलू," म्हटलं. घरी बोलले नाही.

१७ नोव्हें., सोम.
चहाला विचारलं, सगळ्यात वाईट कोण?
बाबा अजिबात अडखळले नाहीत. "यादवीच्या आधीचा. देश फुटतोय हे दिसत होतं त्याला. बसून राहिला."
मग कप खाली ठेवला. "तू पेशंटशी बोलतेस ना, तशी हळू बोलतेस हल्ली माझ्याशी. किती चुकतोय मी?"
"थोडंसं, बाबा."
"मला साताऱ्यातच जाणवत होतं. पण तू बोलावलंस, नातीजवळ राहायला मिळणार होतं." मग म्हणाले, "परवा गॅस चालू राहिला माझ्याकडून. ईराने बंद केला. तिला एकटीला माझ्यावर सोडू नकोस."
मला ईराने सांगितलं नव्हतं.
उद्या आठची ड्यूटी. ड्यूट्यांचा रोटा भरलेला, बदली कोणी नाही. समीर शुक्रवारी येणार. रजा मागायचा फोन हातात घेतला, ठेवला.
"बाबा, फक्त शुक्रवारपर्यंत ईराला सांभाळाल?"
बाबा "बरं" म्हणाले.