जावयाचं निदान

३ जून, सकाळी
जाग आली ती एका जुन्या आवाजाने. पत्र्याचं छप्पर, सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय आणि मी टेबलावर डस्टर आपटून ताल धरतोय. डोळे उघडले. ताल खराच होता: जावई माझ्या खोलीची भिंत मोजत होता, टेप खटाखट आत जात होती. म्हणाला, झोपा बाबा, माझं टेबल बसतंय का तेवढं बघतोय. आता घरून काम करणार म्हणे. ऑफिस माझ्या खोलीत, मी हॉलमधल्या दिवाणावर. बेबी, माझी एकुलती एक लेक, म्हणाली, अहो बाबा, हॉलमध्ये हवा छान येते. पढवलेली पोपटपंची!
संकल्प: खोली सोडणार नाही.

५ जून
रविवार पुरवणीत लेख. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार. खोटं बोलणं, दुसऱ्याच्या हक्काची पर्वा नसणं, हात उगारणं, आणि पश्चात्ताप शून्य. जावयाचा फोटो तेवढा छापायचा राहिलाय.
एकेक लक्षण ताडून पाहिलं. हात उगारणं काही बसेना. पण काल त्याने डास मारला. वृत्तात बसत नसेल तर ऱ्हस्वाचं दीर्घ करायची कवीला मुभा असते. उभा जन्म तेच शिकवलं. बसवलं.

७ जून
बेबीला सांगितलं, डोळे तपासायला चाललोय. (खोटं नव्हे, गुप्तता.) गेलो मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे. वय माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींएवढं. विचारते, पेशंट कुठाय? म्हटलं, कामावर. म्हणाली, आजोबा, माणूस समोर बसवल्याशिवाय निदान होत नाही. असं वागणं पंधरा वर्षांच्या आतच दिसायला लागतं: मारामाऱ्या, चोऱ्या, मुक्या जनावरांचा छळ. ते घरच्यांकडून कळावं लागतं. एका खोलीच्या भांडणावरून कुणावर शिक्का मारता येत नाही. मग मलाच विचारू लागली, राग फार येतो का? म्हटलं, मुळीच नाही, आणि दार आपटून निघालो.
थोडक्यात, केस पक्की. बालपण तेवढं कमी पडतंय.

८ जून
हिंसेचा पुरावा हवा, म्हणून त्याच्या स्कूटरची हवा सोडली. वाईट वाटलं? छे! शास्त्रासाठी लोक उंदीर मारतात. जावयाने चाक बघितलं, पंप आणला, शीळ घालत हवा भरली. वर येऊन म्हणतो, बाबा, चहा टाकू का? काय निर्ढावलेला इसम! वरून गोड असतात, असं पुरवणीत होतंच.

१० जून
विहीणबाईंना फोन. परगावी असतात, थोरल्याकडे. जावयाचं बालपण विचारलं. म्हणाल्या, अहो, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा. शाळेतून मार खाऊन यायचा, दिला कधीच नाही. चोरी? एकदा डब्यातली साखर खाल्लीन्. साखर लगेच टिपली. मग म्हणाल्या, का हो, बरा आहे ना तो? खरं सांगावं तर माहितीच आटायची. म्हटलं, डॉक्टर विचारताहेत. गंभीर आहे. त्याला बोलू नका. बाई रडायला लागल्या. रडता रडता आणखी काही आठवेल म्हणून थांबवलं नाही.

१२ जून, दुपारी
दोघांपुढे निकाल वाचला. उभं राहून, खणखणीत आवाजात. डास, साखर, सगळं. बेबी ऐकत राहिली, मग भडकली. डोळे तपासायची थाप कुणी मारली? हवा कुणी सोडली? खालच्या काकूंनी बघितलंय तुम्हाला! आणि जिवाला काही वाटतं का त्याचं? मी म्हटलं, विषय जावयाचा चालू आहे.
जावई म्हणाला, जाऊ दे गं. टेबल हॉलमध्ये टाकतो. खोली बाबांनाच राहू दे.
जिंकलो! शत्रू गर्भगळीत.

१२ जून, संध्याकाळी
पलंगावर पाय पसरून आवडती कविता मोठ्याने म्हणत होतो. बेल वाजली. मीच दार उघडलं. विहीणबाई. मोठी बॅग, वळकटी, औषधांची पिशवी. मला ओलांडून लेकाच्या गळ्यात पडल्या. तो म्हणतोय, अगं आई, झालंय काय मला? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, यांनी सगळं सांगितलंय, लपवू नकोस. तू ठणठणीत बरा होईस्तोवर मी इथून हलायची नाही.
गुडघ्यांमुळे त्यांना पलंगच लागतो. बेबीने माझी उशी उचलली आणि दिवाणावर नेऊन टाकली.
ज्याला काही झालेलंच नाही, तो बरा कधी व्हायचा?