धुक्याच्या कवितेची मालकी

मी, फेलिस्ता येरेमिया शेमवेता, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सोनी, उसांबारा डोंगर, हे मृत्युपत्र माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर माझेच विद्यार्थी. सातच्या पाढ्याला ते नेहमी अडखळत, तरी दाखल्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर हे वीस वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, खरेही नव्हते.

कलम १. घर आणि जमीन

धबधब्याच्या वरच्या अंगाचे तीन खोल्यांचे घर, मागची केळीची बाग आणि नासपतीची सहा झाडे माझा भाचा एलिएझर याला मिळावीत. हे प्रेमापोटी नव्हे. जमीन शेमवेता कुळाची आहे, ती कुळाबाहेर देण्याचा मला अधिकार नाही, आणि कुळात आता तोच उरला आहे. गेल्या जूनमध्ये मी न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा हा टेप घेऊन बैठकीच्या खोलीत रांगत होता.

"काय करतोस रे?" मी आतून विचारले.

"पडद्यांचं माप घेतोय, आत्या."

पडदे जमिनीला लावतात, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळले. घर त्याने घ्यावे. मापे त्याच्याकडे आहेतच.

कलम २. श्री. हेझेकिया कानिकी यांच्याविषयी

जिल्हा बालकवी संघाचे तहहयात अध्यक्ष श्री. कानिकी यांनी आपला 'सद्गुणमंजिरी' हा संग्रह मला अकरा समारंभांत अकरा वेळा, दर वेळी सही करून भेट दिला. या पुस्तकात आळशी मुलाला मगर खाते, खोटे बोलणारी मुलगी विहिरीत पडते आणि हात न धुणारा मुलगा चौथ्या कडव्यात दगावतो. मुलांसाठी इतके कठोर पुस्तक मी दुसरे पाहिले नाही. अकराही प्रती त्यांना सन्मानाने परत कराव्यात. पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, त्यावरून मी त्या किती जपल्या हे त्यांना दिसेल.

"फेलिस्ताबाईंच्या कवितेत बोध नाही," असे ते प्रत्येक व्यासपीठावरून सांगत. मला राग येई. ज्या कवितेबद्दल ते हे म्हणत ती माझी नव्हती, म्हणून हा राग मी आता मागे घेते.

कलम ३. पत्र्याच्या पेटीतील पुस्तके

माझ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत 'बस सुटण्याआधी' या माझ्या किशोरांसाठीच्या कवितासंग्रहाच्या दोनशे ऐंशी प्रती आहेत. हे पुस्तक पहिल्या स्वल्पविरामापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत माझे आहे. कदाचित म्हणूनच ते खपले नाही. त्यातल्या चौदाव्या कवितेत बसथांब्यावर एक मुका आहे, तोही गालावरचा. चर्चच्या महिला मंडळाने पुस्तक शाळांतून काढायला लावले. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ती कविता इतक्या वेळा वाचून दाखवली की सगळ्या सभासदांना ती पाठ झाली.

पोरे मात्र माझ्याकडून "जरा वाचायला" म्हणून पुस्तक नेत आणि ओळी उतरवून घेऊन प्रेमपत्रांत घालत. म्लालो गावात एका लग्नात नवऱ्यामुलाने भर मांडवात माझी अख्खी कविता म्हटली. नवरी रडली. कोणीतरी विचारले, "वा, कुणाची रे?"

"माझीच. तीन आठवडे खपलो," तो छाती काढून म्हणाला.

मी पहिल्या रांगेत बसले होते. मी टाळ्या वाजवल्या. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ना, ते माझ्या मनात भरदुपारी पडले होते. का, ते पुढच्या कलमात येईल.

या प्रती तेरा ते एकोणीस वयाच्या, मागेल त्या मुलामुलीला फुकट द्याव्यात. नाव विचारू नये. परत मागू नये. मंडळाला कळवू नये.

कलम ४. तिसावी कविता

'ढगाखालची शाळा' हे माझे मुलांच्या कवितांचे पुस्तक १९८३ साली निघाले. आजवर त्याच्या किती आवृत्त्या झाल्या हे प्रकाशकांनाही आठवत नाही. त्यात तीस कविता आहेत. एकोणतीस माझ्या आहेत. त्या कुणालाच आठवत नाहीत. या डोंगरातले प्रत्येक मूल जी तोंडपाठ म्हणते, ती तिसावी माझी नाही. ती अशी :

धुकं आलं, धुकं आलं, शाळा खाऊन गेलं,
बाई खाल्ल्या, फळा खाल्ला, मैदान गिळून नेलं.
घंटा खाता दात दुखला, 'ठण' वाजली पोटात,
तोंड उघडून पळालं ते, शाळा राहिली ओठात.

ही कविता १९७६ सालच्या एप्रिलमध्ये, शाळेच्या ओट्यावर, तिसरीतल्या सिकुजुआ नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने केली. आमच्याकडे या नावाचा अर्थ 'मला ठाऊक नव्हतं' असा होतो. दाट धुके उतरले होते, वर्गात फळा दिसत नव्हता, म्हणून मी मुलांना बाहेर बसवले होते. ही पायाने ताल धरून स्वतःशीच म्हणत होती. मी जवळ जाऊन ऐकले, दोनदा म्हणायला लावले आणि हजेरीपटाच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. "छान," असे मी म्हणाल्याचे आठवते. खात्री नाही.

सात वर्षांनी प्रकाशकांचे पत्र आले : "बाई, अजून एक कविता पाठवा, पानं जुळत नाहीत." माझ्याकडे तिसावी नव्हती. हजेरीपट होता. खाली मुलीचे नाव घालायचे असे मी ठरवले होते. नाव घालायचे राहिले, असे मी आजवर स्वतःला सांगत आले. ते राहिले नाही. मला ते पाकीट बंद करताना आठवले आणि तरीही मी पाकीट बंद केले.

पुढे त्या एका कवितेने माझ्या एकोणतीस गिळल्या. मला खुर्च्या मिळाल्या, हार मिळाले, पेटीभर कांगा-वस्त्रे मिळाली. कविता कशी सुचली असे कोणी विचारले की सुरुवातीला मी "सुचली" एवढेच म्हणे. दहा वर्षांत त्यात सकाळ आली, गवताचा वास आला, माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आले. मग दार-एस-सलामहून एक प्राध्यापक आले आणि त्यांनी भाषणात सांगितले की धुके म्हणजे परकीय सत्ता, घंटा म्हणजे स्वातंत्र्य, आणि खाल्ल्या गेलेल्या बाई म्हणजे गोंधळलेला मध्यमवर्ग. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान डोलावली. कवितेचा अर्थ मला तरी कुठे विचारता आला असता? मी कवयित्री होते.

कलम ५. चार गुण

२००१ साली मिशनच्या मुलींच्या हायस्कुलासाठी आमच्या भागातल्या शाळांची निवड परीक्षा झाली. भाषेची तपासनीस मी होते. 'धुके या प्रतीकाचा अर्थ स्पष्ट करा, गुण चार' हा प्रश्नही मीच काढला होता. एका मुलीने लिहिले : "धुकं म्हणजे धुकं. त्याला भूक लागली होती, कारण सकाळ होती." मी शून्य दिले. ती मुलगी दोन गुणांनी राहिली. तिचे नाव झुहुरा. ती सिकुजुआची मुलगी, हे मला निकालानंतर कळले.

डिसेंबरात सिकुजुआ टोपलीभर आलुबुखार घेऊन माझ्या दारात आली. बसली नाही.

"बाई, एक विचारू? त्या कवितेत धुकं म्हणजे काय हो?"

मला तेव्हा खरे बोलता आले असते. दारात दुसरे कोणी नव्हते.

"परकीय सत्ता," मी म्हणाले.

"असं होय." तिने टोपली खाली ठेवली. "मला आपलं वाटलं, धुकंच."

ती गेली. आलुबुखार गोड होते. मी ते सगळे खाल्ले, हेही इथे नमूद करते.

या जुलैत, न्यूमोनियातून उठल्यावर, मी तिच्या घरी गेले. सिकुजुआ ओसरीवर वाटाणे सोलत होती. तिला आता जवळचे नीट दिसत नाही; बोटेच पाहतात. झुहुरा शेजारी मशीनवर गणवेश शिवत होती.

"सिकुजुआ," मी म्हणाले, "ती कविता तुझी आहे."

"माहितेय की."

"कधीपासून?"

"बाई, मी नऊ वर्षांची होते, बहिरी नव्हते. माझ्या चारही पोरांचं पाठांतर मीच घेतलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तेव्हा आम्ही तुमच्या घरी लाकडं आणायचो, पाणी भरायचो, अंडी आणून द्यायचो. तशी कविता दिली. दिलेलं परत कोण मागतं?"

"मी मागते," झुहुरा मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "माझे चार मार्क."

"अगं, बाईंशी असं बोलतात का!"

"तू गप, आई. तुझ्या भोळेपणाचं पुस्तक निघालं, माझ्या शहाणपणाला भोपळा मिळाला."

त्या ओसरीवर मला बसायला स्टूल दिले गेले आणि चहाही दिला गेला. माफी मागण्याची तयारी मी घरून करून आले होते, दोन पानी. ती मला काढता आली नाही. वाटाणे सोलायला घेतले.

त्यानुसार मी ठरवते की :

'धुकं' या कवितेवरील सर्व हक्क आणि तिच्याखालील नाव सिकुजुआचे राहील. 'ढगाखालची शाळा'चे बाकीचे हक्क, म्हणजे एकोणतीस कवितांचे, तिला सोबत मिळतील. ते तिने हवे तर नाकारावेत. मी रागावणार नाही. ही दुरुस्ती मी जिवंतपणीच करायला निघाले होते. प्रकाशक फोनवर म्हणाले, "बाई, पुस्तक अभ्यासाला लागलंय. आता कवी बदलायचा म्हणजे केवढा व्याप! तुम्ही असं करा, मृत्युपत्रात लिहा. जिवंत माणसाची समजूत घालता येते, मेलेल्यापुढे कुणाचा इलाज नसतो." त्यांचा सल्ला मी मानला आहे. आता त्यांनी माझे मानावे.

झुहुराला मी २००१ साली दिलेले शून्य रद्द करून चारपैकी चार गुण देते. तसा सही केलेला कागद सोबत आहे. या गुणांवर आता कोणते हायस्कूल मिळत नाही, हे मला कळते. म्हणून बँकेत माझे जे काही असेल ते, दफनाचा खर्च वजा जाता, तिच्या दोन मुलींच्या शिक्षणासाठी जावे. मी हे सांगितले तेव्हा झुहुराने दोरा दाताने तोडला. "घेईन. मी आईसारखी नाही," ती म्हणाली. मला बरे वाटले.

कलम ६. वहीविषयी

त्याच दुपारी उठता उठता मी सिकुजुआला विचारले, "त्यानंतर कधी काही केलं नाहीस?"

"करते की. रोज करते. पोरांना आंघोळ घालताना करायचे, आता नातींना. विचारणारं कुणी नव्हतं."

ऑगस्टपासून मी दर बुधवारी आणि शनिवारी तिच्याकडे जाते. ती बोलते, मी लिहिते. आजवर त्रेचाळीस कविता झाल्या आहेत. त्या माझ्या सगळ्या कवितांपेक्षा चांगल्या आहेत. हे शेवटचे वाक्य लिहायला मला एक अख्खी दुपार लागली.

एकदा मी सवयीने एक शब्द बदलला. तिने वाचून दाखवायला लावले आणि मला मध्येच थांबवले.

"हा माझा नाही."

"पण तुझ्या शब्दानं तिथं मात्रा कमी पडते, सिकुजुआ."

"पडू दे की. तिथं पोर उडी मारतं."

मी अडतीस वर्षे मुलांना कविता शिकवली. ती उडी मी कधी मोजली नव्हती. शब्द होता तसा ठेवला आहे.

ही वही सिकुजुआची आहे. पुस्तक निघेल तेव्हा मुखपृष्ठावर तिचे एकटीचे नाव असावे. वही पुरी होण्याआधी मी गेले, तर उरलेले झुहुराने लिहून घ्यावे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे आणि ती मध्ये स्वतःचे काही घालणार नाही. श्री. कानिकी यांना प्रस्तावना मागू नये.

पुस्तकाच्या शेवटी, बारीक टाइपात, 'लिहून घेणार' म्हणून माझे नाव घालता येईल का, असे मी सिकुजुआला गेल्या बुधवारी विचारले. तिने शेंगा फोडायचे थांबवले, माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिले आणि म्हणाली, "बघू."

वकीलबाई म्हणतात, या परिच्छेदाला कायद्यात काही अर्थ नाही, तो काढा. तो काढू नये. ती अजून विचार करते आहे, आणि माझ्यामागे कोणीही तिला घाई करू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि दोन साक्षीदारांसमक्ष सही केली. सिकुजुआ लाभार्थी असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. ती अंगणात बसून आहे.

(सही) फेलिस्ता येरेमिया शेमवेता

साक्षीदार :
१. (सही) अनाएली म्बागा, वकील, लुशोतो
२. (सही) गॉडलिव्ह शेकिओंदो, मुख्याध्यापिका, सोनी

ठिकाण : सोनी
दिनांक : १३ नोव्हेंबर २०२१, शनिवार. वहीचा वार असल्याने सह्या सकाळीच उरकल्या.