चिमटेबाईचा चातुर्मास

कोरेगाव,
११ जुलै

चि. दर्शूस,
आत्याचा जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद.

'अचाट'चा जुलै अंक पोचला. आत घातलेली तुझी चिठ्ठीही मिळाली. जुन्या पत्र्याच्या खेळण्यांवरचा लेख मी दोनदा वाचला. चावीवर उड्या मारणारा बेडूक तुझ्या बापाकडेही होता, पण त्यानं तो आड्याला टांगून वटवाघूळ केला होता. कागद कापून करायचं अवकाशयान आमच्या ह्यांनी, तुझ्या मामांनी, माझ्या आधी कापलं आणि पंख उलटे चिकटवले. आता ते फक्त खालीच जातं.

हा अंक वेळेवर आला म्हणून वाचता तरी आला. दुसऱ्याच दिवशी आम्ही महाराजांच्या चातुर्मास स्थापनेला गेलो. कुणी वांगं सोडलं, कुणी गूळ सोडला. मामांनी सुपारी सोडली, जी डॉक्टरांनी आधीच सोडायला लावली आहे. महाराज म्हणाले की जे सोडल्यावर खरंच टोचेल ते सोडा. माझ्या तोंडून निघून गेलं की दिवाळीपर्यंत चित्रकथा, भुताच्या गोष्टी, 'अचाट', सगळं बंद. वाचणार नाही, बघणार नाही, कुणाकडून ऐकणारही नाही. मागे बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. बासष्ट वर्षांची बाई काय सोडते आहे बघा, असं त्यांना वाटलं असणार.

तेव्हा आपला एकच अंक सांगलीत तू वाचून मग माझ्याकडे पाठवतेस, ते आता चार महिने बंद. अंक जपून ठेव. दिवाळीच्या पहाटे देवळात महावीरांचा निर्वाण लाडू चढवला की माझा नियम सुटेल, मग सगळे एकदम पाठव. चिठ्ठ्या मात्र थांबवू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी
कस्तुरीआत्या


सांगली,
१७ जुलै

ती. आत्यास,
दर्शूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आत्या, काय केलंस हे! चहा सोडायचास, झोप सोडायचीस, मामांना सोडायचंस, पण 'अचाट' कशाला सोडलास?

मी तुला आश्चर्याचा धक्का देणार होते. ऑगस्टचा अंक तू उघडावास, पान उलटावंस आणि चित्रकथेवर माझं नाव वाचून किंचाळावंस असा बेत होता. होय, माझं नाव! 'ढगचोर', तीन भागांत, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. गोष्ट माझी, चित्रंही माझी. संपादक ऋषिराजनं पहिली पानं बघितली आणि खुर्चीवरून उठून उभाच राहिला. तीन भाग चालले तर पुढे वर्षभर चालवू म्हणतो. मला आठ दिवस नीट जेवण गेलेलं नाही, इतका आनंद झालाय.

पण ऋषिराज घरी आला आणि आप्पांना सगळं कळलं. तू तुझ्या भावाला ओळखतेसच. त्यांनी मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर माझ्यासाठी वेगळी गादी शिवून घेतली आहे. मुलगी म्हणून मागे ठेवणार नाही, पाडव्याला वहीपूजन झालं की पेढीवर बसायचं, असं सगळ्या पेठेत सांगून झालंय. इतक्या प्रेमानं केलंय की मला भांडताही येईना. मी रडले. तेव्हा ते म्हणाले की मला यातलं कळत नाही, अक्काला कळतं आणि अक्का खोटं बोलत नाही. अक्का म्हणाली चांगलं आहे, तर एक वर्ष तुझं. नाही म्हणाली, तर पाडव्यापासून गादी.

आणि अक्कानं तर डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली! एकदाच वाच ना. मग प्रायश्चित्त घे, मी तुझ्याबरोबर उपास करते.

लोभ कर, हट्ट करू नकोस.
तुझी
दर्शू


कोरेगाव,
२३ जुलै

चि. दर्शूस,
खूप खूप आशीर्वाद, आणि एक जोरदार धपाटा.

किंचाळले मी. तुझं पत्र हातात घेऊन किंचाळले, मामा अंगणातून पळत आले. आपल्या घरातलं माणूस 'अचाट'मध्ये! मी त्या मासिकाला जी पत्रं लिहिली त्यातली दोनच छापली, आणि तुझी आख्खी गोष्ट छापणार! शेजारपाजारच्या सगळ्यांना साखर वाटली.

पण वाचणार नाही. गोष्ट काय आहे तेही कळवू नकोस. नाव कळवलंस तेवढं पुरे झालं, आता त्या नावावरून मी रोज नव्या गोष्टी रचत बसते.

रागावू नकोस, जरा विचार कर. बाळगोंडा माझ्या शब्दावर तुझं वर्ष ठेवायला निघालाय. नियम घेऊन पंधरवडा व्हायच्या आत मोडणाऱ्या बाईचा शब्द तो कशाला मानेल? माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठीच मला हे पाळायला हवं. लाडू पहाटे आहे, वहीपूजन दुसऱ्या दिवशी. मधे आख्खा दिवस आहे. मी भरभर वाचते हे तुला माहीत आहे.

एक मात्र आत्ताच सांगते. मला आवडलं नाही तर मी आवडलं म्हणणार नाही.

प्रकृतीला जप, नीट जेव.
तुझी
आत्या


सांगली,
६ ऑगस्ट

ती. भरतेशमामांस,
दर्शूचा सा. न.

मामा, हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. आत्याच्या हाती लागलं तर तिचा नियमही मोडेल आणि माझं डोकंही.

सोबत ऑगस्टचा अंक आहे. तिसऱ्या भागापर्यंतची चित्रं छापखान्यात गेलेली आहेत, आता काही बदलता येणार नाही. गोष्ट अशी. आटपाडीकडची एक मेंढ्या राखणारी पोर आहे, ती कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीवरून, राणीवरून काढली आहे. राणी लय खूश आहे, फक्त मेंढी कुत्र्यासारखी दिसती म्हणून रुसली होती. या पोरीच्या गावावर येणारे ढग कुणीतरी चोरतंय. चोरणारी आहे चिमटेबाई. ती ढग पकडून परसात दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घालते. खडूस, चतुर, कुणाचं न ऐकणारी. अंकातलं सगळ्यात झकास पात्र तेच आहे.

आता पान चौदा बघा. ते नाक कुणाचं? गळ्यात दोरीनं अडकवलेला तो चष्मा कुणाचा? पदराला ओळीनं चिमटे लावून घरभर फिरतं कोण?

मामा, आईशप्पथ मी ठरवून केलं नाही. कडक बाई काढायला बसले की हात आपोआप तिकडेच जात होता. वाटलं होतं, तिला दाखवून हसू. तेव्हा कुठे माहीत होतं की तीच न्यायाधीश होणार! ज्या बाईला मी खलनायिका केलं, तिच्याच एका शब्दावर माझं वर्ष लटकलंय. काय करू ते कळवा.

तुमची भेदरलेली,
दर्शू


कोरेगाव,
१ सप्टेंबर

चि. दर्शूस,
आशीर्वाद.

अंक मी गिरणीत बसून वाचला. इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. पान चौदा बघून गिरणीवाल्या तानाजीनं विचारलं, आवं, ह्या तर आपल्या वहिनी न्हवं का? त्याला शपथ घातली. पण एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर अंक येतो, किती जणांना शपथ घालणार? काल गल्लीतल्या दोन मुली आमच्या अंगणातल्या दोरीकडे बघून खुदुखुदू हसत पळाल्या. तुझ्या आत्यानं मला विचारलं की माझ्या तोंडाला काही लागलंय का. मी म्हटलं, तेज आलंय, चातुर्मासाचं.

तिची अवस्था विचारू नकोस. स्टॉलपुढून जाताना छत्री आडवी धरते, पाऊस असो नसो. मी गालातल्या गालात हसलो की कानांवर हात ठेवते आणि माझ्यावरच ओरडते. चाळीस वर्षांच्या संसारात तिला इतकं तळमळताना बघितलं नव्हतं. खरं सांगू, मला मजा येते आहे.

एक सुचवतो. पर्युषण संपत आलंय. क्षमावाणीला सगळेच एकमेकांची क्षमा मागतात आणि चूक काय ते सांगावंच लागतं असं नाही. तू साधून घे. बाकी सप्टेंबरचा अंक लवकर धाड, त्या पोरीचं पुढं काय झालं?

कळावे, हसत राहावे.
भरतेशमामा


सांगली,
८ सप्टेंबर

ती. आत्यास,
उत्तम क्षमा!

वर्षभरात माझ्याकडून जे काही कळत, नकळत आणि विशेषतः चित्रं काढताना घडलं असेल, त्या सगळ्याबद्दल हात जोडून, कान धरून क्षमा मागते. कृपा करून लेखी उत्तर पाठव.

दर्शू


कोरेगाव,
१२ सप्टेंबर

चि. दर्शूस,
उत्तम क्षमा. केली, सगळ्याची केली. लेखी मागतेस म्हणजे प्रकरण मोठं दिसतंय. मामा हे पत्र बघून कोपऱ्यात जाऊन हसत आहेत. दिवाळी कधी येते असं मला झालंय.

आत्या


सांगली,
१५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

ऑक्टोबरचा अंक आला! गोष्ट सांगत नाही, घाबरू नकोस. एवढंच सांगते की शेवट अशा जागी तोडलाय की वाचक ऋषिराजला फोन करून शिव्या देताहेत. पत्रांचं पान यावेळी दोन पानांचं करावं लागलं. काल राणीला घेऊन गणपती पेठेतल्या स्टॉलवर गेले, तर अंक संपलेले. स्टॉलवाल्यानं मलाच विचारलं की तुमच्याकडे जादा आहे का! मी रस्त्यातच उडी मारली, दुचाकीवाला थोडक्यात वाचला.

आप्पा मात्र ढिम्म आहेत. पेढीवर त्या गादीला नवीन अभ्रा चढलाय. तिन्ही अंक ते स्वतः घेऊन येणार आहेत. पोस्टानं नको, सोबत तुझी चिठ्ठी नको, शिफारस नको, असं म्हणाले. चतुर्दशीला पॅसेंजरनं निघतील, पहाटे तुमच्याबरोबर लाडू चढवतील, तुझा निकाल घेतील आणि लक्ष्मीपूजनाला परत येतील. मी तीनही अंक वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून दिले आहेत. त्यांनी आजवर एक पानही उघडून बघितलेलं नाही.

आत्या, जे वाटेल ते खरंच सांग. पण नाकाबद्दल आधी माफ कर.

तुझीच, काही झालं तरी,
दर्शू


कोरेगाव,
२१ ऑक्टोबर, दुपार

चि. दर्शूस,
अनेक अनेक आशीर्वाद. दिवाळीच्या शुभेच्छा.

पहाटे लाडू चढवला, घरी आले, पायही न धुता ओट्याजवळ उभी राहून पुडकं हातात घेतलं. दोरीची गाठ तुझी नव्हती. मी बाळगोंडाकडे बघितलं, तो अंगणात फटाके बघायला निघून गेला. त्याला आयुष्यात कधी फटाके आवडलेले नाहीत.

पान चौदावर मी मला भेटले.

आधी चिडले. कारटीनं माझं नाक पाऊण पानभर काढलंय! मग आरशापुढे गेले आणि नाक तसंच आहे हे बघून आणखी चिडले. क्षमावाणीची ती लबाडी आता कळली. पण पुढे वाचत गेले आणि कुठेतरी राग गळून पडला. अगं, माझं चित्र कधी कुणी काढलं? लग्नाच्या फोटोत मी तिसऱ्या रांगेत, निम्मी दुसऱ्याच्या फेट्यामागे. आणि इथे मी ढगावर पाय रोवून उभी आहे, पदर वाऱ्यावर, चिमटे तलवारीसारखे. रडले गं मी. मामांनी चहा केला तो तसाच निवून गेला.

आता निकाल. पहिला भाग फर्मास. दुसरा रेंगाळलाय, नुसते ढगच ढग. तुला ढग काढता येतात हे आम्हाला पहिल्याच पानावर कळलं होतं. मेंढी अजूनही कुत्राच आहे. तिसरा भाग मी दोनदा वाचला. आयर्विन पुलावर ती पोर, खाली कृष्णेला पूर, आणि चिमटेबाई एका चिमट्यावर लोंबकळते आहे आणि तो चिमटा निसटतोय. तिथे थांबवतेस? तुला लाज नाही.

हेच सगळं तुझ्या बापाला सांगितलं. चांगलं आहे म्हटलं, उत्तम नाही. उत्तम व्हायला तिला वर्ष लागेल, आणि ते वर्ष तुझ्याकडे आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे, गाडीची वेळ झाली.

पुढच्या चातुर्मासात मी चहा सोडणार, 'अचाट' परत सोडणं जमायचं नाही.

माया दुप्पट झाली आहे, सांभाळून ठेव.
तुझी
चिमटेबाई


(त्याच पत्राच्या मागच्या बाजूला)

चि. दर्शू,

मी पत्र लिहीत नाही. पण समोर बोलायला जमायचं नाही, म्हणून गाडीत लिहितोय. अक्षर हलतंय ते डब्यामुळं.

काल अक्काकडे जाताना किर्लोस्करवाडीच्या पुढं गाडी उभी राहिली. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून दोरी सोडली. सगळं वाचलं. अक्काला मी लगेच ओळखलं.

चिमटे ती पदराला का लावते हे तुला कुणी सांगितलं नाही. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो आणि अक्का आठवीत. मला शाळेचा एकच सदरा होता. ती तो रोज संध्याकाळी धुवायची. पावसाळ्यात वाळायचा नाही, म्हणून चुलीजवळ दोरी बांधून चिमट्यानं लावायची आणि हलवत बसायची. मी ओला सदरा घालून एक दिवसही शाळेत गेलो नाही. तिची शाळा मात्र त्या वर्षीच सुटली. तेव्हापासून तिच्या पदराला चिमटे आहेत.

उद्या वहीपूजनाला ये, पूजा झाली की घरी जा आणि चौथा भाग काढायला बस. गादीवर मी बसतो.

तो चिमटा निसटू देऊ नकोस. तिला वाचव.

आप्पा