गाण्यामागचं मशीन

३ मार्च

धाकटे, आशीर्वाद.

नाही, मला म्हातारपणी गाण्याचं वेड लागलेलं नाही. आणि कानही गेलेले नाहीत. उलट तेच तेवढे शाबूत आहेत, म्हणून तर हा सगळा घोळ झाला.

सांगते. माझी नात औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिला सोमवारी सुट्टी. त्या दिवशी ती फोनवर नवे नवे गाणारे शोधत बसते. सिनेमातले नव्हेत. हे लोक आपणच लिहितात, आपणच चाल लावतात, गिटार घेऊन घरातच गातात आणि फोनवर सोडून देतात. ना कंपनी, ना साजिंदे. मी म्हटलं, मग यांचं पोट कशावर चालतं? तर म्हणे, "आजी, कुणी ट्रक चालवतं, कुणी शाळेत शिकवतं." मग ट्रक चालवा की नीट.

मी शेजारी बसून जुन्या कपड्यांची शिवण उसवत असते, त्यामुळे ऐकावंच लागतं. एक जण दाढ दुखल्यासारखा गातो. एक बाई स्वयंपाकघरातल्या सगळ्या भांड्यांची यादी म्हणते आणि अगदी शेवटी सांगते की नवरा सोडून गेला. अगं, आधी सांगितलं असतंस तर मी लक्ष देऊन ऐकलं असतं. एकाच्या गाण्यात मागे कुत्रं भुंकतं. नात म्हणते ते मुद्दाम ठेवलंय, खरं वाटावं म्हणून. मला असल्या खरेपणाचा संशयच येतो. तो ट्रकवाला मात्र बरा आहे. तीन मिनिटांत आटपतो.

तर गेल्या सोमवारी एका मुलीचं गाणं लागलं. आवाज कोवळा, गिटार हळू, आणि मागे ठेका. टक्-टक्, मग मोकळं. पुन्हा टक्-टक्, मग मोकळं. नात म्हणाली, "किती वेगळा ड्रम आहे ना?"

माझ्या हातातलं ब्लेड थांबलं. तो ड्रम नव्हता. ते पायाचं शिलाई मशीन होतं, आणि कुठलंही नाही, तुझं. त्याचा चामड्याचा पट्टा तुटला तेव्हा तो मीच जोडला होता. तोकडा पडला म्हणून मधे वीतभर तुकडा घातला, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे मारले. चाकावरून जाताना ते आकडे दोनदा वाजतात, मग पट्टा फिरून येईपर्यंत गप्प. असा पट्टा दुसरीकडे नसणार, कारण इतकं वाईट काम कुणी करत नाही. आपल्या जावाजावांच्या दुकानात तू शिवत होतीस, मी समोर कापत होते, वीस वर्षं तो आवाज कानाशी होता. मी चुकायची नाही.

नातीला खालचं वाचायला लावलं. लिहिलंय, 'हे गाणं मी घरमालकीणबाईंच्या खोलीत, त्या शिवत असताना रेकॉर्ड केलं.'

आता तू सांग. दोन वर्षांपूर्वी मी पत्र टाकलं तेव्हा तूच लिहिलंस ना, डोळे अधू झाले, मशीन देऊन टाकलं, येऊ नका? मग हे काय वाजतंय? आणि ही पोरगी कोण? भाडेकरू ठेवलीस ते ठेवलीस, पण तिला घरात एवढं आत का घेतलंस? माणसं आधी नुसता आवाज मागतात, मग किल्ली मागतात. खोलीचे कागद कुठे आहेत ते एकदा बघून ठेव.

आणखी एक. त्या गाण्यात दोन बायका आहेत. एक कापते, एक शिवते. दुसरं कडवं सुरू झालं आणि मी नातीला बंद कर म्हटलं, डोकं दुखतंय म्हटलं. डोकं दुखत नव्हतं. तू त्या पोरीला काय काय सांगितलंस?

उत्तर टाक. गोल गोल लिहू नकोस.

थोरली


१४ मार्च

धाकटे,

कार्ड मिळालं. एवढं मोठं पत्र लिहिलं मी, आणि तुझी एक ओळ. 'ताई, गाणं शेवटपर्यंत ऐका.' विचारलं काय, उत्तर काय. पण अक्षर रेघेवर सरळ आहे, म्हणजे डोळ्यांना काही झालेलं नाही. मी येऊ नये म्हणून लिहिलं होतंस. ते तसंच लिहायचं होतंस, मला राग आला नसता. आला असता, पण गेला असता.

ऐकलं मी. नातीला गाणं लावायला सांगितलं आणि दोरे आणायला खाली पिटाळलं. तिसरं कडवं लागलं.

टेपचं टोक विरलं होतं, तिनेच ते कापलं,
एकाला मग शून्य समजून सारं कापड मापलं.
केर काढता तुकडा दिसला, खिशात टाकून दिला,
बोलायचं तर तिने होतं, मी का बोलू तिला.

म्हणजे तुला माहीत होतं.

सभागृहाच्या त्या तीनशे खुर्च्या. मॅनेजर एक खुर्ची उचलून दुकानात घेऊन आला होता आणि कव्हर काही चढेना. इकडून ओढलं तर तिकडून निघे. सगळीच्या सगळी इंचभर तोकडी. मी बारा-बारा थर एकावर एक ठेवून कापले होते, त्यामुळे एक चुकलं की सगळंच चुकलं. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. मी म्हटलं, "कापड बरोबर कापलंय, शिवणारीने शिवणीत आत दुमडायची माया जास्त धरली." तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी हातगाडीवर मशीन चढवून गेलीस. त्यानंतर सहा महिन्यांत दुकान बंद झालं, ते तुला कळलंच असेल.

आता मला सांग, तुकडा तुझ्या खिशात होता तर तेव्हाच टेबलावर का नाही आपटलास? माझ्या तोंडावर मारायचा होतास. मी काय तुला खाल्लं असतं? नऊ वर्षं गप्प बसलीस, आणि बोललीस कुणाजवळ, तर गिटारवाल्या पोरीजवळ. नात सांगते, दोन लाख लोकांनी ते गाणं ऐकलंय. घरातली गोष्ट घरातल्या माणसाला सोडून दोन लाखांना सांगितलीस.

मला यात तुझा डाव दिसतो. तुला माहीत होतं हे फिरत फिरत माझ्यापर्यंत येणार. नसेल माहीत तर तसं लिही. मी विश्वास ठेवीनच असं नाही.

नात परत आली तेव्हा शेवट चालू होता. गाणं संपतं, मशीन थांबतं आणि तुझा आवाज येतो, "झालं का गं? चहा टाकू?" आणि तू हसतेस. नातीला तेवढाच भाग फार आवडतो, तिने चारदा लावला. मी मोजत होते, माझ्यासमोर तू अशी कधी हसलीस. वीस वर्षांत मला दोनच वेळा आठवल्या, आणि त्यातल्या एका वेळी मी जिन्यावरून पडले होते.

मग ती म्हणाली, "आजी, ती मापणारी बाई दुष्ट होती की नुसती विसरभोळी?" मी म्हटलं, मला काय माहीत, असेल कुणी. ती तुला ओळखत नाही. तेव्हा लहान होती, दुकानात फारशी यायची नाही. तिला एवढंच माहीत आहे की एक काकूआजी होती, तिने काम बिघडवलं आणि निघून गेली. तिच्या आईलाही तेच माहीत आहे. मीच सांगितलंय.

एकच विचारते. त्या पोरीला माझं नाव सांगितलंस का? तेवढंच कळव. बाकी मला काही ऐकायचं नाही.

थोरली


२ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यात टोमणा कुठे आहे ते शोधत होते. दुसऱ्यांदाही शोधला. सापडला नाही.

नाव सांगितलं नाहीस, बरं. त्या पोरीने तुला विचारलं, "ती दुसरी बाई कशी होती?" आणि तू सांगितलंस, "कापायला तिच्यासारखी कुणी नव्हती." असं कशाला सांगितलंस? शिव्या घातल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं. मी तयारीत बसले होते.

आता ऐक, कारण मी हे एकदाच लिहिणार आहे.

गेल्या पत्रात मी असं लिहिलं जसं काही मला ते गाण्यातून कळलं. तसं नाही. नंतर कधी कळलं, असंही नाही. मॅनेजर ती खुर्ची ठेवून ओरडत होता तेव्हा टेप माझ्या गळ्यातच होती. मी काहीतरी हातात धरायचं म्हणून ती धरली आणि टोक बोटाला लागलं. तिथे पितळेची पट्टी नव्हती, कातरीची धार होती. मला आठवलं. टोक विरलं म्हणून आठवड्यापूर्वी मीच कापलं होतं, आणि लक्षात ठेवीन म्हटलं होतं. ते सगळं त्या एका क्षणात कळलं. तोंड उघडलं ते त्याच्यानंतर. तुझ्यावर ढकललं ते कळून ढकललं.

तुला हे माहीत नव्हतं. तुला वाटलं असेल, ताईला खरंच ठाऊक नाही. गाण्यात तसंच आहे, मी विसरले असं. ते त्या पोरीला बदलायला सांग किंवा नको सांगू. तुमचं तुम्ही बघा.

परवा जेवताना मी घरात सांगितलं. मुलगी, जावई, नात, तिघंही होते. प्रस्तावना वगैरे केली नाही, सरळ सांगितलं की गाण्यातली मापणारी बाई मी, आणि काकूने काही बिघडवलं नव्हतं. जावई ताटातच बघत राहिला. तो भला माणूस आहे, त्याला अशा वेळी मीठ लागतं. दुष्ट की विसरभोळी, त्याचं उत्तर नातीला मिळालं असावं. या सोमवारी तिने एकही गाणं लावलं नाही. घर इतकं शांत होतं की मला त्या दाढदुख्याची आठवण आली.

मुलगी उठली. भांडी घासून झालेली होती, ती तिने पुन्हा घासली. ही तुझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. माझ्या शब्दावर नऊ वर्षं तुझ्याशी बोलली नाही. एकदा बाजारात तू हाक मारलीस तर रस्ता ओलांडून गेली, ते तिने मला तेव्हा अभिमानाने येऊन सांगितलं होतं आणि मी ऐकून घेतलं होतं. शेवटचं पातेलं उपडं घालून ती म्हणाली, "आई, मी काकूला काय तोंड दाखवू?" मला म्हणाली नाही की तू काय दाखवशील. ते तिने सोडून दिलं.

काल म्हणाली, "रविवारी गाडी काढते. तू येणार आहेस." विचारलं नाही, सांगितलं. हे तिने माझ्याकडूनच घेतलंय.

तर रविवारी अकराच्या सुमारास येऊ. मुलीला आत घे. तिची काही चूक नाही आणि ती रडेल. नात त्या गाणाऱ्या मुलीला भेटायचं म्हणते, तिलाही घे. माझ्यासाठी दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी गाडीत बसून राहीन, मला गाडीत बसायचा त्रास नाही.

उघडलंस तर एवढं लक्षात ठेव. मी दारात उभी राहून हे सगळं पुन्हा म्हणणार नाही. हात जोडणार नाही. त्या पोरीने माईक चालू ठेवलेला दिसला तर आल्या पावली परत जाईन. जे झालं ते मी वर लिहिलंय, माझ्या हाताने, शाईने. खोडलेलं नाही. त्यावर तू काही विचारलंस तर मी उत्तर देणार नाही.

थोरली