उपासाच्या दिवशीची गोळी

कसबा बावडा,
रविवार

प्रिय यशराज,

फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. फार्मसी सोडून देतो म्हणालास, वर आप्पांना सांगू नको म्हणालास, त्याचं नंतर बोलू. आधी माझी बातमी ऐक, ती सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाहीये. आमच्या फार्मसी कॉलेजातला माझा नवा तास जमला रे! जमला म्हणजे काय, नादखुळा झाला!

अभ्यासक्रम वरून ठरून येतो, त्याला आम्हा मास्तरांना हात लावता येत नाही. पण प्रॅक्टिकल कसं घ्यायचं ते माझ्या हातात आहे की! सगळं येत असतं, पण तोंडी परीक्षेला उभं केलं की घसाच बंद होतो, असं तू म्हणाला होतास. ते डोक्यातून जाईना. म्हणून मी पोरांना उभं करणंच बंद केलं. पेशंटला औषध समजावून सांगायचं ते आता समोरासमोर बसून, पुस्तक उघडं ठेवून. अडलं तर "थांबा, बघून सांगतो" म्हणायचं आणि त्यालाही मार्क! औषधाच्या कामात ठोकून देण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आणि तासाआधी मी विचारते, झोपलात का, जेवलात का. पहिल्या दिवशी सगळी फिदीफिदी हसली. मग कळलं, निम्मा वर्ग उपाशीच येतो. आता आधी बाहेर डबे उघडतात, मग तास.

काल प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले, हा प्रकार चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवायला. मी डोक्यावर पदर घेऊन बीपीची आज्जी झाले. समोर मेहमुदा. ही पोरगी तुझ्यासारखीच, हुशार आणि विचारलं की मुकी. "जेवणानंतर एक गोळी" एवढं तिनं कसंबसं सांगितलं. मी म्हटलं, "आन् उपासाला गं? मी तर गोळीलाबी उपास घडवतो." वर्ग हसला. मेहमुदा म्हणाली, "थांबा आज्जी, बघून सांगतो." पानं चाळली, मग पुस्तक मिटून खुर्ची पुढं ओढली. "मीबी रोजं धरतो की. शाबूची खिचडी खाता न्हवं? मग त्यावर घ्यायची. आन् कडक उपास असंल तर आदी डाक्टरास्नी इचारा. मनानं बंद करायची न्हाय, सांगून ठेवतो!" मला दम दिला रे तिनं! आज्जी असल्याचं विसरून मी टाळ्याच वाजवल्या. प्राचार्य म्हणाले, सगळ्या वर्गांना लावा.

पण यशा, तू शिकत राहावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तुझं कॉलेज वेगळं, ते मला कळतं. तू खोलीला कडी लावून बसतोस हे ऐकून राहवलं नाही आणि मी आप्पांना सांगितलं. वाटलं, घर डोक्यावर घेतील. ते कितीतरी वेळ पायातली चप्पल काढत-घालत बसले. मग म्हणाले, "डिग्री गेली खड्ड्यात. पोरगं घरला यायला मला भितंय व्हय? लिव्ह त्याला, शिकायचं असंल तर शीक, न्हायतर ये. तू लिव्ह, मी घिऊन जातो." म्हणून हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. वाचून होईपर्यंत काही बोलायचं नाही, अशी शपथ मी त्यांना घातलीय. तेव्हा आता पत्र ठेव आणि त्यांना आधी बसा म्हण.

तुझीच,
आक्का