सुनीताचा वाफा

८ जाने., गुरु.
लॅपटॉप पुन्हा म्हणतोय, अपडेटसाठी बंद करून चालू करा. ‘नंतर’ दाबलं. सु. गेल्यापासून बंद केलेलाच नाही, झाकण लावतो फक्त. तिच्या खिडक्या आत तशाच उघड्या आहेत.

एकाच लॅपटॉपवर दोघांचं काम. म्हणून तिने त्यातच तीन वेगवेगळे डेस्कटॉप करून दिले होते. त्यांना वाफे म्हणायची. माहेरची वाडी, केळी, लहानपणी पाणी वळवण्याचं काम तिच्याकडे. “एका वेळी एकाच वाफ्यात पाणी. बाकीच्यांचं तोंड बंद ठेवायचं. तुम्ही सगळीकडे चिखल करता.” वाफा १ माझं ऑफिस, २ तिचा, ३ तिच्या शिकवणीचा. एकातून दुसऱ्यात जायला कंट्रोल, विंडोज आणि बाण. तीन दिवस पाठ करून घेतलं.

२ वर गेलेलो नाही.

११ जाने., रवि.
गेलो. तिथे एकच खिडकी. पत्र आहे, सेव्ह न केलेलं. ‘रेखा, त्या दिवशी आईसमोर मी तुला जे बोलले’ इतकं वाचून परत १ वर आलो. खाली अजून बरंच आहे.

रेखा तिची धाकटी बहीण, अर्नाळ्याला. सासूबाई गेल्या तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. सहा वर्षं. कारण मला अर्धवटच माहीत. सु. च्या दहाव्याला आली होती. उन्हात उभी राहिली, पाणीसुद्धा न घेता गेली.

सेव्ह करावं म्हटलं तर नाव मागतो. काय नाव द्यायचं? मी लिहिलेलं नाही, मला लिहिलेलंही नाही.

१३ जाने., मंगळ.
शिकवणीचे पेपर दुसऱ्या बाईंना पाठवून झाले. वाफा ३ बंद करायला गेलो आणि फुली २ वर दाबली. पत्र गेलंच असं वाटलं. दहा मिनिटं नुसता बसून.

मग दिसलं, गेलं नव्हतं. एक डेस्कटॉप मोडला की त्यातलं सगळं शेजारच्यात जातं. हे तिने सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नसेल. पत्र आता माझ्या ऑफिसात, ड्रॉइंगांच्या मध्ये.

१४ जाने., बुध.
आज महिना झाला. संक्रांत. शेजारच्या वहिनी तिळगूळ न देता नुसत्या बसून गेल्या.

दुपारच्या मीटिंगला स्क्रीन दाखवताना पत्रच पुढे आलं. विभागातली नेहा, “सर, रेखा कोण? ऑफिसच्या वेळात पत्रं?” सगळे हसले. मी म्हटलं, मिसेसनी लिहिलंय. ड्रॉइंग उघडलं, पाईपचे व्यास वाचून दाखवले. आवाज ठीक होता.

संध्याकाळी नवा डेस्कटॉप करून पत्र तिकडे ओढलं.

१५ जाने., गुरु.
रेखाचा फोन. तिने आपणहून केला.
“भावोजी, जेवता का वेळेवर?”
जेवतो.
“काय जेवता?”
खिचडी.
“रोज?”
रोज.
मग, “माझ्याबद्दल काही बोलली का शेवटी?”
बोलली नाही, म्हटलं. लिहून ठेवलंय. पुरं झालेलं वाटत नाही. मी वाचलेलं नाही.
“व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. रविवारी येते.”

हे बरोबर केलं का? पुढे काय लिहिलंय कोण जाणे. रागातही लिहिलं असेल. सु. ला राग आला की फार नीट लिहायची.

१८ जाने., रवि.
रेखा अकराला आली. डब्यात वालाचं बिरडं. चप्पल दाराशी काढताना म्हणाली, “तिची खुर्ची कुठली?” दाखवली. बसली नाही. स्टूल ओढून घेतलं.

पत्र उघडून दिलं, खाली कसं सरकवायचं ते सांगितलं आणि चहा टाकायला आत गेलो. चहा उकळून उकळून काळा झाला, तरी तिथेच उभा होतो.

कप घेऊन बाहेर आलो तर स्क्रीनवर पत्र नव्हतं. रेखा पदराने चष्मा पुसत होती. सेव्ह केलं का, हे ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

“भावोजी,” ती म्हणाली, “बिरडं गरम करून घ्या.” कप तिनेच उचलले.


लॅपटॉप तसाच चालू आहे. पत्र शोधलेलं नाही.